भाची लॅक्रॉस शिकायला येतेय, पण जबाबदारी एकट्या आत्याची का?

ताई, मी बेळगावच्या वडगावात राहते. घरात दोन माग आहेत, मिस्टर आणि मी मिळून चालवतो. माझं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. थोरल्या भावाची मुलगी यंदा आठवी संपवून नववीत जाईल. तिच्या शाळेत पीटीच्या सरांनी सांगितलं, की सुट्टीत इथं टिळकवाडीत फक्त मुलींसाठी तीन आठवड्यांचं लॅक्रॉसचं, म्हणजे काठीच्या जाळीत चेंडू झेलायच्या खेळाचं, शिबिर आहे. सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेचार ते सहा. फी दीड हजार, काठी तेच देणार. पोरीनं मला फोन केला, 'आत्या, मी तुझ्याकडं राहतो की, तीनच आठवडे.' मी हो म्हणून बसले. आता भाऊ म्हणतो, 'पाठवतो, पण सगळी जबाबदारी तुझी. काय झालं-गेलं तर मला सांगू नकोस.' आई म्हणते, 'काठीचा खेळ, दात पडला, डोळा गेला तर कोण करून घेणार तिला?' वर उन्हात काळी पडेल म्हणते. वहिनी सगळ्यांसमोर गप्प असते, पण मागनं फोन करून 'तेवढं जमवा वन्सं' म्हणाली. घरात काजूचे दिवस, आणि गावची लक्ष्मीची जत्रा बरोबर मध्येच येते. पोरीला चष्मा आहे. तिचा भाऊ खानापुरात क्रिकेटच्या कोचिंगला जातो, पण हा खेळ आमच्यात कुणी बघितलेलासुद्धा नाही. 'ह्याचं पुढं काय?' असं भाऊ विचारतो आणि मला उत्तर देता येत नाही. पाठवायला सांगू का नको?
— एक आत्या, वडगाव

आणा तिला. पण भावानं दिलाय तसा होकार घेऊन आणू नका.

'काय झालं-गेलं तर मला सांगू नकोस' हे वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात आणि मला सगळ्या पत्रात तेच टोचलं. ह्याला परवानगी म्हणत नाहीत. पोरगी हसतखेळत परत आली तर 'मी पाठवली' म्हणायला तो मोकळा, पाय मुरगळून आली तर 'मी आधीच सांगितलं होतं' म्हणायलाही मोकळा. मधल्या मध्ये तुम्ही. मग दर गणपतीला माहेरी गेलात की हा विषय निघणार.

भांडू मात्र नका. सरळ सांगा: 'दादा, तिचं खाणंपिणं, नेणं-आणणं, रात्रीचं बघणं माझ्याकडं. दवाखान्यात न्यायची वेळ आली तर मी नेईन, तुला फोन करीन आणि तू यायचंस. फॉर्मवर सही तुझी, आणि पहिल्या दिवशी मैदानावरपण तूच.' तो 'मला कुठं वेळ' म्हणेल. आदल्या रात्री मुक्कामाला ये म्हणा, सकाळी नऊला मोकळा. कोच कोण, बाकीच्या पोरी कुठल्या, मैदान कसलं, हे बापानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की गावात कुणी 'पोरगीला कुठं धाडलास?' म्हणून विचारलं तर बोलायला त्याच्याकडं काहीतरी असतं. न बघता पाठवलेला बाप पहिल्याच टोमण्याला कच खातो आणि आठवड्याच्या आत 'घेऊन ये तिला' म्हणून फोन करतो.

वहिनींचा तो मागनं आलेला फोन फार मोलाचा आहे. त्यांनाही दोन दिवस बोलवा. नणंदेच्या घरी राहायला जायचं तर कारण लागतं, आणि 'पोरगीला सोडायला जाते' ह्याच्याइतकं चांगलं कारण सापडायचं नाही. बसभाड्याची सबब कुणी पुढं करणार नाही. जून २०२३ पासून शक्ती योजनेत आपल्या कर्नाटकातल्या बायका-मुलींना सरकारी साध्या बसमध्ये तिकिटाचे पैसे पडत नाहीत, आधार कार्ड तेवढं जवळ ठेवायला सांगा. पोरीचंही.

काजूचं काय? मला वाटतं, भावाची खरी अडचण इथं असावी, आणि बाकीचं सगळं तिच्यावर चढवलेलं. बोंडं गोळा करायची, बिया सोडवायच्या, वाळत घालायच्या, ह्या कामात चौदा वर्षांची पोरगी किती हात मारते ते एरवी कुणी बोलून दाखवत नाही. ती तीन आठवडे नाही म्हटल्यावर आठवतं. ह्याला हसू नका, शेतावरच्या घरात एक हात कमी पडणं ही खरीच अडचण आहे. उघड विचारा: 'दादा, काजूमुळं अडतंय का?' अडत असेल तर वाट निघते. शनिवारी संध्याकाळची प्रॅक्टिस आटोपून गावी, रविवारी दिवसभर घरचं काम, संध्याकाळच्या बसनं परत. तिच्या भावाचं कोचिंग एखादा आठवडा बंद ठेवता येतं का, हेही विचारून बघा. उत्तर काय येईल ते मला ठाऊक आहे, तरी विचारा.

जत्रेला तिला नक्की जाऊ द्या. वर्षानुवर्षं न होणारी जत्रा आली आणि पोरगी बेळगावात काठी घेऊन पळतेय, असं झालं तर तिलाही वाईट वाटेल आणि घरातल्यांना आयतं कोलीत मिळेल. दोन दिवस बुडतील, बुडू देत. कोचना पहिल्याच दिवशी तारखा सांगून ठेवा. शिबिर घेणारे बेळगावचेच असतील तर त्यांना जत्रा काय ते समजावून सांगावं लागणार नाही. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथाच्या रात्रीनंतर सकाळी साडेसहाला मैदानावर किती पोरी येतात हेही त्यांना माहीत असेल.

आता खेळाकडं येऊ. आईंना सांगताना आंबे उतरवायचा झेला आठवून द्या, म्हणजे निम्मं काम झालं. तसाच प्रकार, फक्त आखूड: मीटरभराची काठी आणि टोकाला जाळीची खोलगट पिशवी. रबरी चेंडू त्या जाळीत झेलायचा, पळत न्यायचा, दुसरीच्या जाळीत फेकायचा आणि शेवटी सहा फूट रुंद, सहा फूट उंच गोलमध्ये मारायचा. गोलकीपर सोडून कुणी चेंडूला हात लावायचा नाही.

बघायला सोपं वाटतं. पहिले दोन-तीन दिवस पोरी एकाच गोष्टीशी झटत असतात, ती म्हणजे चेंडू न पाडता पळणं. तो जाळीत अडकून बसत नाही, नुसता टेकलेला असतो. काठी ताठ धरून पळालं की चार पावलांत खाली. म्हणून वरच्या हाताचं मनगट सारखं आत-बाहेर वळवत राहावं लागतं, खालच्या हातात काठीचं टोक सैल धरायचं, आणि त्या हेलकाव्यानं चेंडू जाळीच्या तळाशी दाबून राहतो. सुरुवातीला सगळ्यांची नजर जाळीवर, त्यामुळे एकमेकींवर आदळतात. मग एका सकाळी मनगटाला ते आपोआप कळतं आणि पोरगी मान वर करून समोर बघायला लागते. तेवढं बघायला मिळालं तर माग अर्धा तास बंद ठेवून मैदानावर जा. जमिनीवरचा चेंडू उचलणं हा दुसरा धडा: गुडघे वाकवून काठी जवळजवळ मातीला टेकवायची आणि न थांबता पुढं काढायची. शहरातल्या पोरींना ह्यात कंबर वाकवायला जड जातं. जांबोटीकडच्या पोरीला वाकायचं शिकवावं लागेल असं मला वाटत नाही.

खेळ मूळचा उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी राष्ट्रांचा, शेकडो वर्षांचा. मुलींचा पहिला सामना १८९० साली स्कॉटलंडमधल्या सेंट लिओनार्ड्स नावाच्या मुलींच्या शाळेत झाला, आणि तेव्हापासून बायकांचा खेळ पुरुषांपेक्षा वेगळ्या नियमांनी वाढला. पुरुष हेल्मेट, खांद्याचे पॅड घालून एकमेकांना अंगानं धडका देतात. मुलींच्या खेळात अंगावर जायला बंदी आहे. तिथं खेळाडूच्या डोक्याभोवती सात इंचांचं एक कडं धरलेलं असतं, न दिसणारं, आणि त्यात काठी नेली की फाऊल. तुम्ही मोबाईलवर व्हिडिओ बघून घाबरला असाल तर तो बहुतेक पुरुषांचा होता.

तरीही दात-डोळ्याचा आईंचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. सगळ्या घरात नेमका प्रश्न त्यांनीच विचारलाय. चेंडू भरीव रबराचा, दीडशे ग्रॅमच्या जरा आत, म्हणजे बायकांच्या क्रिकेटच्या चेंडूइतका जड. तो तोंडावर बसला तर दात पडू शकतो. अमेरिकेत मुलींना जाळीचा गॉगल आणि दातांवरचं माउथगार्ड घातल्याशिवाय मैदानात उतरू देत नाहीत, ते ह्याचसाठी. म्हणून फी भरण्याआधी विचारा: खरा चेंडू वापरणार का मऊ? नवशिक्या मुलींना सुरुवातीला टेनिसचा किंवा मऊ चेंडू देणारा कोच शहाणा समजा. खरा चेंडू हातात येईल त्या दिवसापासून गॉगल आणि माउथगार्ड हवंच, आणि गोलमध्ये उभी राहणारीला हेल्मेट, गळ्याचं आणि छातीचं पॅड. 'आमच्याकडं आजवर काही झालेलं नाही' हे उत्तर चालवून घेऊ नका. शाळेत आपण सगळे तसंच खेळलो आणि कुणाकुणाचे पुढचे दात अर्धे आहेत तेही आपल्याला माहीत आहे. माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबून बसवायचं असतं. ते तिचं स्वतःचं घ्या, दुसरीचं वापरायचं नाही.

चष्म्याचं जास्त जपा. काचेच्या साध्या चष्म्यावर हा खेळ खेळू देऊ नका. चष्म्यावरून बसेल असा गॉगल शिबिरात आहे का, ते बघा. नसेल तर डोळ्याच्या डॉक्टरना विचारून न फुटणाऱ्या काचांचा खेळायचा चष्मा करून घ्या. तो पुढं शाळेत कबड्डी-खोखोलाही उपयोगी पडेल. हा खर्च भावानं करायचा. तुम्ही नाही.

आणि एवढं सगळं डोळ्या-दाताचं झालं तरी खरी दुखणी बहुतेक पायांची निघतात. घोटा मुरगळतो, गुडघा दुखावतो. पळता पळता एकदम वळायच्या खेळांत वाढत्या वयातल्या मुलींच्या गुडघ्याला मुलांपेक्षा जास्त धोका असतो, हे आता डॉक्टरही सांगतात. त्यावर उपाय साधे आहेत: सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं नीट वॉर्मअप, उडी मारून खाली येताना गुडघे आत न झुकवता टेकायचं शिकवणं, आणि पायात बरे बूट. शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट लाल मातीच्या मैदानावर घसरतात. फुटबॉलचे रबरी बटणांचे बूट चालतील, आणि ते बेळगावात कुठंही मिळतात. काठी मात्र विकत घेऊन देऊ नका, मग पोरगी कितीही मागे लागो. शिबिर संपल्यावर बघता येईल.

काळी पडेल ह्याला माझ्याकडं उत्तर नाही. पडेल. जूनच्या पावसात परत उजळेल, आणि काजूच्या बागेत दिवसभर उन्हात फिरताना हा प्रश्न घरात कुणाला पडला नव्हता.

ऊन तसं सकाळच्या वेळेला बेळगावात फार नसतं, साडेआठला सोडतात हे बरं. रिकाम्या पोटी पाठवू नका. एक केळं, नाहीतर वाटीभर पेज मीठ घालून, आणि पाण्याची बाटली तिची स्वतःची. परत आल्यावर ताक. संध्याकाळच्या वेळेची मला जास्त काळजी आहे, कारण मे महिन्यातला वळीव नेमका चार-साडेचारला येतो. उघडं मैदान, हातात धातूची लांब काठी आणि वर गडगडाट, ह्यात धाडस दाखवायचं काही नाही. पहिला गडगडाट ऐकू आला की सगळ्यांनी पक्क्या छपराखाली जायचं, झाडाखाली नव्हे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचं नाही. हा नियम शिबिरात आहे का, ते तुम्ही विचारा. नसेल तर तुमच्या विचारण्यानं होईल.

आता जे पत्रात नाही त्याबद्दल. मैदानावर मुलींसाठी संडास-बाथरूम आहे का? 'आहे' असं फोनवर सांगतील. तुम्ही जाऊन बघा. दाराला आतनं कडी लागते का, नळाला पाणी येतं का, किल्ली कुणाकडं असते, आणि वापरलेलं पॅड टाकायला डबा आहे का. आपल्याकडची कितीतरी मैदानं पुरुषांनी पुरुषांसाठी बांधलेली आहेत, आणि पोरी खेळ सोडतात तेव्हा कारण म्हणून अभ्यास सांगतात. तीन आठवड्यांत तिची पाळी येऊ शकते. तुमच्याकडं पॅड कुठं ठेवलेत ते पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा, म्हणजे तिला मागावं लागणार नाही. पाळीत खेळायचं का, हे तिच्या पोटाला विचारायचं. दुखत असेल तर घरी झोपू दे, दुखत नसेल तर जाऊ दे. गावी बाजूला बसायची पद्धत असली तरी तुमच्या घरात तुम्ही काय पाळता ते तुम्ही ठरवा, आणि ते आधीच वहिनींशी बोलून घ्या, म्हणजे नंतर आईंच्या कानावर तिसऱ्याच तोंडून जाणार नाही.

शिबिरात बाई कोच आहे का, आणि ती दोन्ही वेळेला पूर्णवेळ हजर असते का? उद्घाटनाला बाई आणि नंतर सगळे बाप्ये, असंही असतं. कोच पुरुष असला म्हणून लगेच वाईट, असं मी म्हणत नाही. आपल्या कितीतरी मुली पुरुष कोचच्याच हाताखाली तयार झाल्यात. पण काही गोष्टी आधी ठरलेल्या असाव्यात. निरोप येतील ते पालकांच्या ग्रुपवर, तुमच्या किंवा भावाच्या फोनवर. पोरीच्या नावानं वेगळा मेसेज नको. कुणी एकटीला गाडीवरून सोडायला जायचं नाही, कितीही उशीर झाला, पाऊस आला तरी. बाहेरगावी 'मॅच'ला न्यायचं निघालं तर आदल्या दिवशी लेखी कळवायचं आणि सोबत बाई असायची. पोरीला सांगून ठेवा, की कुणाचं वागणं-बोलणं नकोसं वाटलं तर ते घरी येऊन सांगायचं, त्यावर शिबिर बंद होणार नाही आणि कुणी तिला रागावणारही नाही. हे दुसरं वाक्य महत्त्वाचं. 'सांगितलं तर घरी न्यायला येतील' ह्या भीतीनंच पोरी गप्प बसतात. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर तिला पाठ असू दे.

वडगावातून टिळकवाडी सायकलच्या टप्प्यात आहे, पण पहाटेच्या वेळेला पहिला आठवडा तुमच्यापैकी कुणीतरी सोबत जा. नंतर त्याच बाजूच्या दोन-तीन पोरी जमतील, मग त्या मिळून जातील. घरात तिला पाहुणी करू नका आणि कामवालीही करू नका. आपलं ताट धुवावं, आपले कपडे पिळावेत, दुपारी झोपावं. दोन वेळा पळून आलेल्या पोरीला संध्याकाळी कांड्या भरायला बसवलं तर तिसऱ्या दिवशी ती आजारी पडेल. तुम्ही तसं करणार नाही, हे मला दिसतंय. पण घरात माग असले की हात दिसेल तिथं काम सुचतं, म्हणून लिहिलं.

राहिलं 'पुढं काय'.

मुलाच्या क्रिकेट कोचिंगची फी भरताना भावानं हा प्रश्न स्वतःला विचारला होता का? खानापुरातनं भारताच्या संघात किती जण गेले? तिथं 'पोरगं जरा खेळतंय, बरं आहे' एवढं पुरलं. पोरीच्या खेळाला मात्र पहिल्या दिवसापासून नोकरीची हमी लागते. हे त्याला तोंडावर म्हणू नका, चिडेल. पण तुमच्या मनात स्पष्ट असू दे, म्हणजे उत्तर देता येत नाही म्हणून वाईट वाटणार नाही. उत्तर द्यायची गरजच नाही.

तरी काहीतरी सांगायला हवंच असेल, तर खरं ते सांगा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक भरली होती. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट घ्यायचं ठरलं ते त्या बैठकीत, आणि त्याच मतदानात लॅक्रॉसही घेतलं. १९०४ आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये ते होतं, नंतर गेलं, आता परत येतंय, सहा-सहा जणींच्या संघांचं, आठ-आठ मिनिटांच्या चार डावांचं. म्हणजे घरातल्या दोन्ही पोरांचे खेळ एकाच दारानं आत गेलेत. भावाला हे ऐकून बरं वाटेल.

आणि तुरमुरीच्या मलप्रभा जाधवचं नाव काढा. बेळगावपासून हाकेच्या अंतरावरचं गाव, आपल्यासारखंच घर. पोरगी ज्युदो शिकली, आणि त्या जोरावर कुराश नावाच्या मध्य आशियातल्या कुस्तीत उतरली. कुराश म्हणजे काय हे तेव्हा बेळगावात कुणाला विचारलं असतं तर लोणच्याचा प्रकार म्हणाले असते. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये तिनं त्यात ब्राँझ मिळवलं. काठीच्या खेळाचं म्हणाल तर बंडू पाटील बेळगावचेच, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या हॉकीतलं सुवर्ण त्यांच्याही गळ्यात होतं.

पण ही नावं भावाला गप्प करायला वापरा, पोरीला स्वप्न विकायला नको. 'खेळाडूंच्या कोट्यात नोकरी लागते, कॉलेजला सीट मिळते' असं शिबिरातलं कुणी सांगत असेल तर ते कागदावर लिहून मागा, आणि तो कागद घेऊन युवा सबलीकरण आणि क्रीडा खात्याच्या जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा. कुठला खेळ, कुठल्या पातळीवर, कुठल्या कामाला धरला जातो ह्याच्या याद्या असतात आणि त्या बदलत असतात. तोंडी आश्वासनावर भावाची परवानगी मिळवलीत, तर दोन वर्षांनी दहावीच्या तोंडावर त्याचा हिशेब तो पोरीकडं मागेल.

ह्याहून अवघड गोष्ट आहे ती शिबिर संपल्यानंतरची, आणि ती तिला आधीच सांगायला हवी. एकविसाव्या दिवशी काठी परत द्यावी लागेल. गावी गेल्यावर संघ नाही, कोच नाही, दुसरी काठी घेऊन समोर उभी राहणारी नाही. तीन आठवडे रोज मिळालेली गोष्ट एकदम बंद झाली की पोरी चिडचिड करतात आणि घरातले म्हणतात, 'बेळगावला जाऊन शेफारली.' म्हणून आताच पीटीच्या सरांशी बोलून ठेवा. त्यांनीच सांगितलं होतं ना शिबिराचं? मग शाळेसाठी दोन जुन्या काठ्या मिळतील का ते त्यांनी शिबिरवाल्यांना विचारावं. एक काठी आणि एक कोरी भिंत एवढ्यावरही ह्या खेळात पुष्कळ शिकता येतं. भिंतीवर चेंडू मारायचा आणि परत येताना झेलायचा, आधी उजव्या हातानं, मग डाव्या. मोठमोठ्या खेळाडूही रोज हेच करतात. घरची भिंत मातीची असेल तर शाळेची वापरा, नाहीतर आजी पहिल्याच दिवशी काठी लपवून ठेवतील. काठी नाहीच मिळाली तर शाळेच्या हँडबॉल नाहीतर हॉकीच्या संघात तिचं नाव घालायला सांगा. पळणं, वळणं, मोकळी जागा बघून पास देणं, हे तिकडंही लागतं.

शेवटी एक शक्यता सांगून ठेवते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती येऊन रडेल, 'मी उद्यापासून जात नाही' म्हणून. त्या रात्री भावाला फोन करू नका. मांड्या भरून आल्यात, पायाला फोड आलेत, नाहीतर शहरातल्या पोरी तिच्या बोलण्याला हसल्या, ह्यातलं काही असेल तर गरम पाण्यानं आंघोळ घाला आणि अजून दोन दिवस जाऊन बघ म्हणा. बहुतेक वेळा तेवढ्यात एखादी मैत्रीण होते. कोच सगळ्यांसमोर घालून-पाडून बोलतात, दुखतंय म्हटलं तरी पळायला लावतात किंवा कुणाच्या वागण्याची भीती वाटते, असं म्हणाली तर दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः जाऊन बोला आणि समाधान होईपर्यंत तिला पाठवू नका. फी गेली तर गेली. आणि नुसतंच आवडलं नाही म्हणाली, तर तेही चालतं. उरलेले दिवस तुमच्याकडं राहू दे, कॅम्प भागातून बेळगावचा कुंदा आणून खाऊ घाला आणि ठरल्या तारखेला घरी सोडून या.